ताटात आलेलं फूल

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी माझ्या क्लासमधल्या एका मुलीनं फोनवर फोटो पाठवला. पुतण्याचा पहिला वाढदिवस होता. एक किलोचा व्हॅनिला केक, त्यावर पांढरंशुभ्र क्रीम आणि एका कडेला चंद्रकोरीसारखी मांडलेली गुलाबी फुलं. खाली विचारलं होतं, "ताई, कसा झालाय?" मांडणी सुरेखच होती. मी फोटो मोठा करून पाहिला आणि पोटात गोळा आला. ती कण्हेरीची फुलं होती.

लगेच फोन लावला. केक अजून कापलेला नव्हता. "मग फुलं काढून टाकू का?" तिनं विचारलं. फुलं काढून भागणार नव्हतं, कारण देठ मोडून ते क्रीममध्ये खोचले होते आणि देठाचा चीक क्रीममध्ये उतरलेला असणार होता. कण्हेरीचं मूळ, पान, फूल, चीक सगळंच विषारी असतं. त्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करतात आणि वाळवून किंवा उकळून ती जात नाहीत. अख्खा केक खड्डा करून पुरला. त्या घरात ऐन वेळी शिरा झाला आणि वाढदिवस त्यावर साजरा झाला.

चूक त्या मुलीची नव्हती. आमच्या सोलापूरच्या भागात कमी पाण्यावर, भर उन्हात, बारा महिने फुलणारं झाड म्हणजे कण्हेर. हमरस्त्याच्या दुभाजकात तीच, शाळेच्या कुंपणाला तीच, महादेवाच्या पिंडीवरही तीच. जे फूल देवाला चालतं ते केकला का चालू नये, असं तिला वाटलं तर त्यात नवल काय? चूक माझी होती. केकवर फुलं कशी बसवायची हे मी तिला शिकवलं होतं. कोणती बसवायची आणि कोणती नाही, हे सांगितलंच नव्हतं. त्या रात्री वहीत पहिलं पान लिहिलं. केकवरच्या फुलांचं हे पुस्तक त्या पानापासून सुरू झालं.

त्या पानावरचं वाक्य आजही मला पुरेसं वाटतं: केकवर ठेवलेलं फूल हे अन्न आहे. ते शोभेसाठी आहे, खायचं नाही, असं आपण मोठ्यांना सांगू शकतो. दीड वर्षाच्या मुलाला ते सांगता येत नाही, आणि केक बहुतेक वेळा त्याच्यासाठीच असतो. त्यामुळे फूल आधी खाण्याजोगं हवं, दिसण्याचा विचार त्यानंतर.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. शोभेची वस्तू खाण्याजोगीच करायची, हे मराठी घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलं आहे. संक्रांतीचे हलव्याचे दागिने बघा. तीळ, खसखस नाहीतर साबुदाणा परातीत घ्यायचा, खाली मंद निखारा, वरून चमच्याचमच्यानं पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. पहाटेच्या थंडीत दाण्यावर काटा धरतो. ऊन चढलं की धरत नाही. असा काटेरी हलवा काळ्या कापडावर ओवून मुकुट, हार, बाजूबंद करतात. बोरन्हाणाला बाळाला ते घातलं की बाळ पहिल्यांदा काय करतं, तर दागिना तोंडात घालतं. ते घालणारच, हे करणाऱ्या बाईला आधीपासून माहीत असतं. म्हणून तिनं मणी नाही, साखर ओवलेली असते.

सोलापुरात संक्रांत म्हणजे सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा. ती आटोपली की होळी आणि पाडव्याला साखरेच्या हारांचे दिवस येतात. लाकडी साच्यात दोरा घालून गरम पाक ओततात, निवला की साचा उघडतात आणि पांढरी, गुलाबी, केशरी पदकं दोऱ्यासकट बाहेर येतात. कित्येक साच्यांत फूलच कोरलेलं असतं. मराठी घरात त्याला गाठी म्हणतात, शेजारच्या कानडी घरात सक्करे सर. गुढीला एक आणि घरातल्या लेकरांच्या गळ्यात एक. दुपारपर्यंत लेकरांच्या गळ्यात नुसता दोरा उरतो.

रुखवत हा याचाच मोठा भाऊ. साखरेचं तुळशीवृंदावन, खोबऱ्याच्या रंगवलेल्या किसाची रांगोळी आणि त्याशेजारी परातीत मांडलेले गव्हले, नखुले, मालत्या. माझ्या दृष्टीनं मराठी साखरफुलांची खरी शाळा ही परात आहे. कणकेची राईएवढी गोळी अंगठ्याच्या पेरावर घ्यायची, नखानं दाबून पुढे ओढायची, की नखाएवढी खोलगट वाटी तयार होते. तोच नखुला. साखरेच्या गुलाबाची सर्वांत आतली पाकळी अगदी अशीच होते. फक्त नखाच्या जागी गोल टोकाचं अवजार येतं. क्लासमध्ये ज्यांनी आजीबरोबर उन्हाळ्यात बसून गव्हले वळले होते, त्यांच्या पाकळ्या पहिल्याच दिवशी पातळ आल्या. बाकीच्यांना आठवडा लागला. यासाठी परदेशी अवजारांचा महागडा संच घ्यायची गरज नाही, हे मी तेव्हापासून ठामपणे सांगत आले आहे.

जगात साखरफुलांची ही कला वेगवेगळ्या अंगांनी वाढली. नव्यानं शिकणाऱ्याला तिची ओळख हवी, नाहीतर इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून डोक्यात नुसता गोंधळ होतो. युरोपात सोळाव्या शतकापासून पिठीसाखरेत कतीऱ्यासारखा डिंक मळून त्याची ताटं, पेले, फुलं घडवण्याच्या कृती सापडतात. ते श्रीमंतांच्या मेजवानीचं काम होतं, कारण साखर तेव्हा मौल्यवान होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मारी-आंत्वान कारेम यानं साखरेच्या इमारती उभ्या करण्याचं शास्त्रच केलं. फ्रेंचांनी तापलेला पाक ओढून त्याच्या रेशमासारख्या चकचकीत पाकळ्या केल्या. हात भाजणारी ती विद्या घरगुती स्वयंपाकघराची नाही, म्हणून या पुस्तकात ती घेतलेली नाही.

इंग्लंडनं रॉयल आयसिंग वाढवलं: अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर फेटून केलेलं, वाळल्यावर खडूसारखं कडक होणारं. 1840 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नाचा केक सुमारे 300 पौंडांचा होता. त्या केकमुळे पांढऱ्या साखरेच्या सजावटीला प्रतिष्ठा मिळाली. पुढे जोसेफ लँबेथनं 1934 मध्ये पुस्तक लिहून थरावर थर देत नक्षी काढण्याची पद्धत मांडली, आणि आज पुन्हा फॅशनमध्ये आलेले ते झालरी-झालरींचे केक तिथलेच. इंग्रज कारागिरांनीच गम पेस्टमधून, म्हणजे डिंक घातलेल्या साखरेच्या पेस्टमधून, हुबेहूब फूल घडवण्याची दिशा पकडली. पाकळीची शीर, परागाची पूड, पानावरचा कीडखाल्ला डागसुद्धा.

अमेरिकेत वेगळंच झालं. शिकागोत विल्टन घराण्यानं 1929 पासून सजावटीचे वर्ग चालवले आणि लोण्याच्या क्रीमचा, चपट्या खिळ्यावर फिरवत फिरवत पिशवीतून पाडलेला गुलाब घरोघरी नेला. आपल्याकडच्या बेकऱ्यांमधला गुलाब त्याच कुळातला: वनस्पती तूप आणि पिठीसाखरेचा, भडक गुलाबी, हिरव्या पानाचा, खाल्ला की टाळूला चिकटणारा. माझ्या पिढीनं केकवरचं पहिलं फूल तेच पाहिलं. ते कोणाच्या वाट्याला यावं यावरून भावंडांत भांडणं व्हायची. कोरियातल्या बायकांनी या क्रीम-गुलाबाला इतकं नाजूक केलं की तो खऱ्या फुलाशेजारी ठेवावा. तिथली आणखी एक पद्धत मला फार जवळची वाटते. पांढऱ्या घेवड्याच्या शिजवलेल्या गोड लगद्याची फुलं करून ती तांदळाच्या केकवर मांडतात. म्हणजे पुरणच की! हरभऱ्याच्या डाळीचं पुरण पिवळं आणि रवाळ, त्यामुळे त्याला सुबक पाकळी येत नाही, पण पांढऱ्या घेवड्याच्या लगद्याचे माझे प्रयोग जमले आणि ते पुस्तकात आहेत.

महाराष्ट्रात या कलेनं जगाचं लक्ष वेधलं ते पुण्यात. प्राची धबल देब यांनी एडी स्पेन्स या इंग्लिश गुरूंकडून रॉयल आयसिंग शिकून, भारतातल्या घरांसाठी अंड्याशिवायचं रॉयल आयसिंग विकसित करण्यात भाग घेतला. 2022 मध्ये मिलानच्या कॅथीड्रलवरून त्यांनी केलेल्या सुमारे 100 किलोच्या कलाकृतीची नोंद लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये झाली. मला त्या विक्रमापेक्षा अंडं वगळण्याची गोष्ट मोठी वाटते. आमच्या भागात लिंगायत, जैन, माळकरी घरं पुष्कळ. अंड्याचा कच्चा पांढरा भाग अनेकांना चालत नाही आणि उन्हाळ्यात कच्चं अंडं आरोग्यालाही धोक्याचं. जिलेटिन प्राण्यांपासून येतं, म्हणून तेही नको. या पुस्तकातली प्रत्येक पेस्ट वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून केलेल्या सीएमसी पावडरवर उभी आहे. पाव किलो फाँडंटला, म्हणजे साखरेच्या लवचीक कणकेला, चहाचा एक चमचा, एवढंच लागतं.

आता हवेबद्दल. पुण्यामुंबईची पुस्तकं वाचून आम्ही केलेल्या कामाचा सत्यानाश व्हायचा, तो हवेमुळे. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या वळसंगात एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर जातो. क्रीमचं फूल मांडवापर्यंत पोचायच्या आत मान टाकतं. पण हीच कोरडी हवा साखरेच्या फुलाला वरदान आहे. मुंबईत पावसाळ्यात गम पेस्टची पाकळी दोन-दोन दिवस ओलसर राहते, पुन्हा दमट होऊन वाकते. आमच्याकडे ती दुपारभरात खणखणीत वाळते. उलट अडचण अशी, की हातात असतानाच ती कडेनं तडकते. म्हणून पेस्ट कायम ओल्या फडक्याखाली, एका वेळी एकच पाकळी लाटायची, आणि पोळपाटाला पीठ नव्हे तर तुपाचं बोट. खाली ठेवलेल्या वर्तमानपत्रातली अक्षरं पाकळीतून वाचता आली की लाटणं थांबवायचं. सोलापुरी उन्हात काय होतं हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नाही, म्हणून ते मी सविस्तर लिहिलं आहे.

साखरेचं फूल करायला चार तास लागतात आणि खरं फूल दहा रुपयांत मिळतं, म्हणून आज केकवर खरी फुलं जास्त दिसतात. इथे धोका सर्वांत मोठा आहे आणि तो दुहेरी आहे. पहिला फुलाच्या जातीचा. कण्हेर, पिवळी बिट्टी, धोत्रा, रुई, कळलावी, घाणेरी, सदाफुली ही आपल्या अवतीभवतीची फुलं केकजवळही नकोत. शहरातून येणाऱ्या गुच्छांत हायड्रेंजिया आणि लिली असतात, तीही नकोत. केकवर बर्फासारखी दिसणारी बारीक पांढरी जिप्सोफिला सगळीकडे वापरतात, पण तिनं तोंडाला आणि घशाला त्रास होऊ शकतो. विचित्र वाटेल, पण शंकराला वाहिली जाणारी कण्हेर, धोत्रा, रुई ही तिन्ही माणसाला विषारी आहेत. देवाच्या टोपलीवरून ताटातल्या फुलाची निवड करता येणार नाही, हे मी क्लासमध्ये पहिल्या तासाला सांगते.

दुसरा धोका फवारणीचा. आमच्याच तालुक्यातल्या वडजीची ओळख गुलाबाची. झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर सोलापूरच्या बाजारात ढिगानं येतात. ही फुलं हारासाठी पिकवलेली असतात. फुलकिडे, लाल कोळी, भुरी यांच्यासाठी शेतकरी फवारणी करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण त्यानं ते फूल कुणाच्या पोटात जावं म्हणून पिकवलेलंच नाही. भाजीवर औषध मारल्यावर तोडणी किती दिवसांनी करायची, याचा नियम असतो. हाराच्या फुलाला कोण विचारतो? आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसात भिनतं, ते नळाखाली धुऊन जात नाही. त्यामुळे हार-गुच्छाच्या दुकानातलं फूल केकवर ठेवू नये, कितीही ताजं असलं तरी. कुंडीत दोन गावठी गुलाब, एक गोकर्ण, एक जास्वंद, थोडी तुळस लावली तर छोट्या घरगुती केकला वर्षभर पुरतं. पाकळ्यांची बुडाची पांढरी कडू टोकं खुडायची, परागकेसर काढायचे, आणि ज्याला फुलांची अ‍ॅलर्जी आहे त्याला आधी विचारायचं. गोकर्णाच्या रंगाला अमेरिकेच्या एफडीएनं 2021 मध्ये मान्यता दिली. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं मात्र 2022 मध्ये वाळवलेल्या फुलांबाबत शंका नोंदवल्या. मी ते फूल रंगापुरतंच, थोडं वापरते, आणि पुस्तकातही तसंच लिहिलं आहे.

साखरेचं फूल तरी निर्धोक का? त्यातली साखर निर्धोक, रंगाचं सांगता येत नाही. अमेरिकेत 2018 मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं आजारी पडली. केकवर चमक आणायला लावलेल्या सोनेरी-गुलाबी भुकटीत तांबं होतं. पुढच्या वर्षी मिसुरीत एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं सापडलं. शोध घेता घेता तपास वाढदिवसाच्या केकच्या सजावटीवरच्या पिवळ्या भुकटीपर्यंत गेला. तिचं नाव 'प्रिमरोझ पेटल डस्ट', म्हणजे पाकळीची पूड, आणि तिच्या वजनाचा चौथा हिस्सा शिसं होता. डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असणं आणि 'एडिबल' लिहिलेलं असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला शब्द शाळेतल्या रंगपेटीवरही असतो.

आपल्याकडे कायद्यानं अन्नात आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, आणि तीही किलोला 100 मिलिग्रॅमपर्यंत. पातळ गुलाबी पाकळीला तेवढा रंग पुरतो, पण काळपट लाल गुलाब करायचा मोह झाला की माप हातातून सुटतं. अक्कलकोटच्या पुढे लगेच कर्नाटकाची हद्द लागते. तिथल्या अन्नसुरक्षा विभागानं 2024 मध्ये केकचे 235 नमुने तपासले, त्यांतल्या 12 नमुन्यांमध्ये घातक रंग आढळले. नमुने बेकऱ्यांचे होते. घरगुती केकवाल्या बायकांचे नमुने कुणी नेत नाही, याचा अर्थ आपण सुटलो असा नाही. उलट आपली जबाबदारी वाढते. रंगाच्या डबीवर चौदा आकडी परवाना क्रमांक, 'एडिबल' शब्द आणि घटकांची यादी या तीन गोष्टी नसतील तर ती डबी दुकानातच ठेवावी. बीट, पालक, हळद, केशर यांचे रंग फिके पडतात, हळद तर उजेडात उडूनच जाते. मला ते फिकेपण आवडतं. खरी पाकळीही कुठे इतकी भडक असते?

साखरेच्या फुलातला दुसरा धोका तारेचा. परदेशी पद्धतीत प्रत्येक पाकळीला कागद गुंडाळलेली तार असते आणि ती केकमध्ये खोचतात. गंजकी तार, सुटलेला कागद, टोचणारं टोक आणि ते लहान मुलांच्या घासात. या पुस्तकातलं एकही फूल तारेवर नाही. पाकळ्या एकमेकींना पाण्याच्या बोटानं चिकटवल्या आहेत आणि फूल क्रीमवर अलगद ठेवायचं आहे. त्यामुळे काही डौलदार, लांब देठाची फुलं मला सोडावी लागली. ऑर्किडची लोंबती फांदी या पुस्तकात नाही.

हे सगळं आता लिहावं असं का वाटलं? 2020 च्या टाळेबंदीत घराघरांत केक सुरू झाले. वळसंगसारख्या गावात आज वाढदिवसाचा केक सोलापूरहून आणावा लागत नाही. शेजारच्या गल्लीतली एखादी ताई तो करते. त्यातल्या कित्येकींना हे पहिलं स्वतःचं उत्पन्न आहे. त्या मोबाइलवरचे परदेशी व्हिडिओ बघून शिकतात. त्या व्हिडिओंत कोणतं फूल विषारी, कोणती पूड फक्त शोभेची, हे सांगितलेलं नसतं. सांगितलं तरी ते इंग्रजीत, आणि त्यातली फुलं तिकडची. 'ओलिअँडर' म्हणजे आपल्या कुंपणातली कण्हेर, हे त्यांना सांगणारं मराठीत कुणीतरी हवं होतं.

म्हणून या पुस्तकाची रचना फुलांच्या क्रमानं केलेली नाही. आधी हात, मग हवा, मग रंग, आणि शेवटी फुलं. कुणी थेट गुलाबाचं पान उघडलं तरी हरकत नाही. फक्त विषारी फुलांच्या रंगीत पानांवरून एकदा नजर जाऊ द्या, आणि घरातल्या मुलांनाही ती दाखवा. छायाचित्रं आमच्याच परिसरातली आहेत, म्हणजे ओळखायला त्रास होणार नाही. अवजारं शक्य तिथे घरातली: औषधाच्या बाटलीची गोल टोकाची चमची, नवा कोरा कंगवा, अंड्यांच्या ट्रेमध्ये कागद घालून केलेलं वाळवण. महाग वस्तू सांगितल्या, तिथे त्या का लागतात तेही सांगितलं आहे.

पुस्तक छापायला जाण्याआधी ती मुलगी पुन्हा आली. पुतण्या आता चार वर्षांचा होणार होता. तिनं डब्यातून साखरेचं एक फूल काढून माझ्या तळहातावर ठेवलं. पाच पाकळ्या, मधे किंचित गडद, कडेला थोडा पीळ. हुबेहूब कण्हेर होती. "हे पुस्तकात घ्या ताई," ती म्हणाली. "त्या दिवशीच्या बदल्यात."

काम इतकं देखणं होतं की नाही म्हणताना मला फार जड गेलं. पण एकदा साखरेची कण्हेर खाल्लेलं मूल रस्त्याच्या कडेला खरी कण्हेर दिसल्यावर काय करील, हा विचार मला सोडत नव्हता. तिला तो समजावून सांगितला. ती बराच वेळ फुलाकडे बघत बसली, मग तिनं ते पुन्हा डब्यात ठेवलं. पंधरा दिवसांनी तिनं जास्वंद करून आणली, मधल्या दांड्यावर रव्याच्या कणांचे पराग लावलेली. पुस्तकातली जास्वंद तिचीच आहे.